धीर धरा म्हणण्याआधी वही उघडा

नोकरी गेलेल्या माणसाला आपण पहिलं काय सांगतो? ‘टेन्शन घेऊ नकोस, होईल सगळं नीट.’ अलीकडे ओळखीतल्या दोन-तीन घरांत नोकऱ्या गेल्या तेव्हा हे वाक्य इतक्यांदा कानावर आलं की मला त्याची चीड आली. पाच तारखेला हप्ता कापला जाणार आणि खात्यात पैसे नाहीत, तो माणूस टेन्शन कसं घेणार नाही? माझं ठाम मत आहे, अशा वेळी मन थाऱ्यावर आणायचं तर आधी हिशोब मांडावा लागतो, आणि तो घरातल्या सगळ्यांसमोर.

मी लालबागच्या चाळीत वाढले. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात होते. पगार थांबला तशी आईने आम्हा भावंडांना समोर बसवलं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तांदूळ, रॉकेल, भाडं, शाळेची फी असं एकाखाली एक लिहिलं. वाण्याच्या वहीतली बाकीही मोठ्याने वाचून दाखवली. नवे कपडे का नाहीत, हे नंतर आम्ही कुणी विचारलं नाही. भीती होतीच, पण कशाची आणि किती, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गिरणगाव तगलं ते मुख्यतः बायकांमुळे. पापड लाटणं, धुणीभांडी, भाजीची पाटी, मिळेल ते. खाणावळवाल्या तर कामगारांना उधारीवर जेवू घालत, स्वतः सावकाराच्या व्याजात अडकून. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. संपाच्या सात वर्षं आधी! आधार असा आधीच बांधून ठेवावा लागतो. तरीही कितीतरी घरं मोडली. भांडी विकली गेली, माणसं कायमची गावाला परतली, पोरांची शाळा सुटली. त्यामुळे निव्वळ धीराचे गोडवे मला गाववत नाहीत.

आजची अडचण वेगळी आहे. चाळीत कुणाची चूल पेटली नाही हे शेजारणीला कळायचं. फ्लॅटमध्ये नोकरी गेलेला माणूस सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतो, बायकोलासुद्धा पत्ता नसतो, आणि रात्री मोबाईलवर झटपट कर्जाचं ॲप उघडतो. इथे घर बुडतं.

असं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून आज घरी सांगा. हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा, चुकल्यावर नाही. आणि हे माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या ॲपला तुमच्या फोनमधले नंबर वाचायची परवानगी नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांसमोर बेअब्रू करायची नाही. केली तर आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. अर्ज लिहायला कुणाला मदत हवी असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा, मी बसून लिहून देईन.