लिंक गुप्त ठेवली म्हणजे फोल्डर सुरक्षित? खुलासा

‘बाहेरच्या भागीदाराला फोल्डरची लिंक पाठवा, ती इतकी लांबलचक असते की दुसऱ्या कोणाला सापडणारच नाही,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. अंदाजाने लिंक ओळखणं जवळजवळ अशक्य, हे बरोबर. पण लिंक चोरावी लागतच नाही, ती फॉरवर्ड होते. भागीदाराने सहकाऱ्याला पाठवली, त्याने आणखी कोणाला, की झालं. गूगल ड्राइव्हमध्ये ‘लिंक असलेले कोणीही’ हा पर्याय निवडला असेल, तर उघडणाऱ्याला लॉगिनही करावं लागत नाही. त्यामुळे कोण येऊन गेलं याचा नीट पत्ता लागत नाही.

त्याऐवजी प्रवेश ‘मर्यादित’ ठेवून त्या माणसाचा ईमेल पत्ता जोडा. शेअरपॉइंटमध्ये (मायक्रोसॉफ्टची फायली शेअर करण्याची सेवा) ‘विशिष्ट व्यक्ती’ निवडा. मग लिंक पुढे गेली तरी दार उघडत नाही.

आणि एक, जे सहसा कोणी सांगत नाही: फोल्डर शेअर केला की त्यातल्या उपफोल्डरांनाही साधारणपणे तीच परवानगी लागू होते, उद्या टाकाल त्या फायलींनासुद्धा. दरपत्रकाशेजारी पगाराची शीट ठेवली, तर तीही दिसणार. म्हणून बाहेरच्यांसाठी फोल्डर वेगळाच करावा.

‘डाउनलोड बंद’ केल्याने स्क्रीनशॉट थांबत नाहीत. काम संपल्यावर प्रवेश आपोआप जाईल अशा भ्रमातही राहू नका. मुदत घातली नसेल, तर तो हातानेच काढावा लागतो.