गाडीखाली झोपलेल्यांचं काय?

सकाळी व्हॉट्सअॅपवर पत्रिका येऊन पडली. नाशिकच्या मोटरस्पोर्टला 'मोलाचं योगदान' देणाऱ्यांचा सत्कार. गंगापूर रोडला हॉल, शाल, श्रीफळ, नंतर भोजन. म्हटलं, छान. मग नावं वाचली. चार ड्रायव्हर, चौघंही अस्सल, त्यांच्याबद्दल ब्र काढणार नाही. पुढं एक प्रायोजक, एक माजी नगरसेवक, आणि एक बिल्डर, ज्यांनी म्हणे कधीकाळी ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मोकळ्या जागेतल्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी, रिकामा प्लॉट वापरू दिला होता. मेकॅनिक? एकही नाही. ड्रायव्हरशेजारी बसून वाट सांगणारा नॅव्हिगेटर? नाही. भर उन्हात वळणावर झेंडा धरून उभे राहणारे मार्शल? त्यांचं तर नावच काढू नका.

ऑफिसला उशीर झाला तरी चालेल, हे लिहूनच उठणार.

वडिलांचं नाशिकमध्येच द्वारकेला स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं, हे जुन्या लोकांना माहीत आहे. रॅली आली की दुकानातला निम्मा माल सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे रॅलीच्या गाड्या दुरुस्त करायच्या तळावर, जायचा आणि मागोमाग मी. एका रात्री पेठ रोडच्या पुढच्या माळावर एक मारुती जिप्सी आली, गिअरबॉक्स गेलेला. सर्व्हिसची वेळ मोजून मिळते आणि पुढच्या टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्यावर, एक मिनिट उशीर म्हणजे दहा सेकंद पेनल्टी. गॅरेजवाले मेकॅनिक उस्ताद पोतं अंथरून गाडीखाली घुसले. टॉर्च माझ्या हातात. मी ड्रायव्हरकडे बघत होते, वय तसं होतं. खालून आवाज आला, "बेटा, हिरोला नंतर बघ. बोल्ट दिसू दे मला." बॉक्स खाली घेताना त्यांचा हात तापलेल्या सायलेन्सरला चिकटला. चर्र झालं, मी ऐकलं. त्यांनी हात काढला नाही, कारण काढला असता तर बॉक्स छातीवर आला असता. गाडी वेळेत सुटली.

आता कुणीतरी म्हणेल, ताई, जगभर असंच असतं, हॉल ऑफ फेम, म्हणजे नामवंतांचं सन्मान-दालन, ते ड्रायव्हरचंच. नाही हो. अमेरिकेत नॅसकारचा, म्हणजे तिथल्या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेचा, हॉल ऑफ फेम आहे, शार्लटला, 2010 साली उघडला. ड्रायव्हर रिचर्ड पेटी पहिल्याच वर्षी आत गेला; 200 शर्यती जिंकलेल्या माणसाला कोण अडवणार? पण 2012 साली त्याचा क्रू चीफ, म्हणजे मेकॅनिकांचा म्होरक्या, डेल इनमनही आत गेला. पेटीची सातही विजेतेपदं इनमनच्या हाताखालची. 2013 साली लेनर्ड वुड आत गेला. हा माणूस पिट स्टॉपचा, म्हणजे शर्यत चालू असताना गाडी थांबवून टायर-पेट्रोल बघण्याचा, उस्ताद. 1965 च्या इंडियानापोलिस 500 ला जिम क्लार्कच्या लोटसचे पिट स्टॉप या वुड बंधूंनी इतके झटपट केले की बघणारे बघतच राहिले. क्लार्क जिंकला आणि लोकांना वुडचं नावही लक्षात राहिलं. आमच्या उस्तादांनी माळावर, पोत्यावर, एका पोरीच्या टॉर्चवर तेच केलं.

तिथलं सगळं आलबेल आहे असंही समजू नका. पहिल्या वर्षी पाच जण निवडले, त्यात दोन कोण? नॅसकार काढणारा बिल फ्रान्स आणि त्याचा मुलगा. आणि 105 शर्यती जिंकलेला डेव्हिड पिअर्सन बाहेर. वर्षभर थांबला बिचारा. मतं देतात कोण? जुने ड्रायव्हर, गाड्यांचे मालक, ट्रॅकवाले, कंपन्यांची माणसं, पत्रकार. प्रेक्षकांनाही मत आहे, पण लाखभर लोकांनी दिलं तरी सगळं मिळून एकच मत धरतात. बरं, फ्रान्स नसता तर नॅसकारच नसतं, हे मला कळतं. तसं प्लॉटवाल्या बिल्डरचंही असेल. असू दे. पण तो पहिल्या रांगेत आणि उस्ताद कुठंच नाहीत?

कुणी म्हणेल मतदानच नको, सरळ नियम लावा. फियाने, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेने, 2017 साली तेच केलं, फॉर्म्युला वनचे तोवरचे 33 विश्वविजेते एकदम आत. भांडण नाही, वशिला नाही. पण मग विश्वविजेता न झालेल्या ड्रायव्हरचं, स्टर्लिंग मॉसचं काय? 1958 साली त्याने चार शर्यती जिंकल्या, त्याच्याशी चुरस असलेल्या हॉथॉर्नने एक. पोर्तुगालला हॉथॉर्न बाद होत होता, तर मॉसनेच त्याची बाजू घेऊन त्याला वाचवलं. आणि विश्वविजेतेपद हॉथॉर्नला गेलं, एका गुणाने. नियमाला असलं काही दिसत नाही. म्हणून शेवटी माणसंच बसवावी लागतात निवडायला, आणि माणसं बसली की आपल्यासारखी पत्रिका निघते. काय बोलणार!

वेंडेल स्कॉटबद्दल वाचते तेव्हा मात्र माझा राग उतरतो, नुसतं वाईट वाटतं. नॅसकारमधला कृष्णवर्णीय ड्रायव्हर, पैसे नाहीत, स्वतःच गाडी दुरुस्त करायचा आणि स्वतःच पळवायचा. 1 डिसेंबर 1963 ला जॅक्सनव्हिलला जिंकला, पण चषक दिला दुसऱ्याला. तासांनंतर, गर्दी घरी गेल्यावर, 'मोजणीत चूक झाली' म्हणून विजय त्याच्या नावावर केला. 1990 साली तो गेला आणि हॉल ऑफ फेममध्ये घेतला 2015 साली.

उस्तादही गेले. त्या रॅलीनंतर पेपरात जिप्सीच्या बॉनेटवर बसलेल्या ड्रायव्हरचा हार घातलेला फोटो आला होता. तो दाखवायला मी गॅरेजला पळाले, तर उस्ताद हाताला बरनॉल फासून रिक्षाचं क्लच वायर बदलत होते. फोटो बघितला आणि म्हणाले, "बॉनेट चेपेल ना रे त्याच्या वजनाने." झालं, एवढंच.

आणि हे फक्त मेकॅनिकचं नाही. रॅली ड्रायव्हर गौरव गिलला 2019 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिलाच, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्याच्या शेजारी बसून पेस नोट्स, म्हणजे रस्त्याची टिपणं, वाचणारा नॅव्हिगेटर मुसा शरीफ तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? पुढचं वळण डावं की उजवं हे सांगणारा माणूस हा! एक शब्द चुकला तर दोघंही दरीत.

तर मी समितीतल्या एका गृहस्थांना फोन लावला. आवाज चढलाच माझा, खोटं कशाला बोलू. ते शांतपणे म्हणाले, "ताई, एवढं वाटतं तर नाव पाठवा ना, पुढच्या वर्षी विचार करू." आणि लगेच फॉर्म पाठवला. पूर्ण नाव, जन्मतारीख, जिंकलेल्या स्पर्धा, पदकं, सोबत दोन फोटो.

भरते. पदकांचा रकाना रिकामा जाईल, जाऊ दे. फोटो एक सापडलाय, त्यात फक्त पाय दिसताहेत. पण पूर्ण नावाशी अडलेय. वडिलांच्या उधारीच्या वहीतसुद्धा 'उस्ताद' एवढंच लिहिलेलं आहे. द्वारका, भद्रकाली, सारडा सर्कलकडच्या जुन्या गॅरेजवाल्यांपैकी कुणाला त्यांचं नाव-आडनाव माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. आणि तुमच्याही ओळखीचे असे मेकॅनिक, नॅव्हिगेटर, मार्शल असतील तर तेही मलाच इनबॉक्स करा, एकदमच पाठवू. नुसतं 'सहमत ताई' टाकून पळू नका.