झाडाचंच औषध हवं ना? मग सलाईन लावून घ्या

आज सकाळी वाड्याच्या ग्रुपवर परत तो व्हिडिओ आला. मामफळाची, म्हणजे सीताफळाच्या जातीतल्या त्या काटेरी फळाच्या झाडाची, पानं उकळून प्या, किमोपेक्षा दहा हजार पट पावरफुल, कॅन्सरच्या पेशी आपोआप मरतात. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. आणि त्याच ग्रुपमध्ये आमची शेजारची वहिनी आहे, जिची सोमवारी पहिली किमो आहे, हे पाठवणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. दुपारी तिचा फोन, "भाऊजी, आधी महिनाभर पानं घेऊन बघू का?"

डोकं फिरलं माझं.

गोव्यातल्या साखळी गावची माझी मावशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. छातीत सुपारीएवढी गाठ, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलेलं, तारीखसुद्धा मिळालेली, आणि कुणीतरी प्रेमाने एका वैदूचा काढा आणून दिला. त्या काढ्यावर चतुर्थी गेली, दिवाळी गेली, शिगमोत्सवापर्यंत तिला हात वर करून केस विंचरता येईनात.

झाडपाल्यात काही नसतं असं मी म्हणतच नाहीये, उलट खूप असतं! दारातली सदाफुली घ्या. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन हे किमोचं औषध निघालं, 1963 पासून वापरात आहे, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये आजही देतात. पण तीच पानं चावून खाल्ली तर पांढऱ्या पेशी घसरू शकतात, नसा बिघडू शकतात, कारण कुठल्या पानात किती उतरलंय ते कुणालाच माहीत नसतं. आपल्या सह्याद्रीतलं नरक्या नावाचं झाड, जे चोरून तोडून तोडून संपवत आणलं, त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. 1970 च्या आसपास ते माणसांना देऊन बघितलं तर इतकं विषारी निघालं की थांबवावं लागलं, मग रेणूत बदल करून करून त्याची कॅन्सरवरची दोन औषधं झाली आणि त्यांना 1996 ला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

आणि मावशीला शेवटी जे दिलं ते पॅक्लिटॅक्सेल, तेही झाडाचंच! अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाची साल 1962 मध्ये गोळा केली, 1971 ला आतला रेणू ओळखला, 1979 ला सुझान हॉर्विट्झ या संशोधक बाईंनी दाखवलं की ते काम कसं करतं, आणि 1992 ला मंजुरी. तीस वर्षं लागली हो. पेशीचे दोन भाग होताना आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो, हे औषध तो मोडूच देत नाही, पेशी मध्येच अडकते आणि मग तिच्या आतलंच स्वतःला संपवायचं यंत्र सुरू होतं. म्हणजे व्हिडिओवाला ओरडतो ते "आपोआप मरणं" ते हेच. फक्त मापून दिलेलं, वजन-उंची बघून, आधी ॲलर्जीची इंजेक्शनं देऊन, कारण ते पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रवात मिसळतात आणि त्याची रिॲक्शन येऊ शकते.

मावशीने नर्सला विचारलं होतं, हे कशाचं? झाडाच्या सालीचं म्हटल्यावर ती नुसती बघत राहिली त्या बाटलीकडे. मग म्हणाली, "मग मला आधी का नाही कुणी सांगितलं?"

हे आठवलं की आजही घशात येतं.

किमो सोपी नाही, मान्य. तिच्या बोटांना अशा मुंग्या यायच्या की अबोलीची फाती गुंफता येईना, कळी धरली की निसटायची. डॉक्टर लोक दोन मिनिटांत पेशंटला बाहेर काढतात, तेही मान्य. म्हणून काय पानं उकळायची?

हळद हळद करतात, प्रयोगशाळेत काचेच्या बशीत हळदीतल्या कर्क्युमिनने पेशी मरतात, खरं आहे. पण बशीत पेशीवर थेट ओततात, आणि पोटात घेतलेलं आतडं आणि लिव्हर मिळून असं मोडून टाकतात की रक्तात जेमतेम पोचतं. मामफळाचंही तेच, प्रयोग आहेत ते बशीतले आणि उंदरांवरचे. वर ग्वादलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्या लोकांत पार्किन्सनसारखा आजार दिसला, आणि संशोधकांनी त्याचा संबंध या झाडातल्याच द्रव्याशी जोडलाय. हे व्हिडिओत नसतं.

व्हिडिओ पाठवणारा आपलाच माणूस आहे, वाईट मनाचा नाही, म्हणून नाव घेत नाही. पण बाबा, मावशीला काढा आणून देणारापण वाईट मनाचा नव्हता. तो व्हिडिओ आजच्या आज डिलीट कर आणि वहिनीला स्वतः फोन कर.

वहिनी, तू हे वाचणार माहीत आहे. पानं, चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल, जे काही घरात आणलंय ते पिशवीत घाल, सोमवारी डॉक्टरसमोर ठेव आणि विचार. काही गोष्टी किमोबरोबर चालत नाहीत, त्याला कळायला हवं. रिपोर्टांची फाईल, शाल आणि पाण्याची बाटली घे. मी साडेसहाला गाडी घेऊन दारात येतो.