शून्य नंबरचा चष्मा, शंभर नंबरी झोप

डोळे चुरचुरतात, संध्याकाळी डोकं धरतं, रात्री झोप लागत नाही, अशी तुमची तक्रार असेल तर पहिली गोष्ट म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडे अजिबात जाऊ नका. तिथं नंबर लावावा लागतो, डोळ्यात थेंब टाकून बाकड्यावर बसवतात, आणि एवढं सगळं करून शेवटी सांगतात काय, तर मोबाईल कमी करा. हे तर घरात आईसुद्धा सांगते, तेही फुकट.

त्यापेक्षा सरळ बाजारात जा. ‘कॉम्प्युटरवर डोळे मोफत तपासून मिळतील’ अशी पाटी दिसली की आत शिरा. आत शिरल्यावर काय हवंय ते तुम्ही सांगायचं नाही, ते दुकानदार सांगतो. आणि तो एकच सांगतो: मोबाईलचा निळा प्रकाश डोळे बिघडवतो, झोप खातो, तेव्हा तो अडवणारी ‘ब्लू कट’ काच घ्या.

आमच्या चुलत्यांचंच बघा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढं, चार एकर रान, त्यात सोयाबीन आणि तूर. परवा त्यांच्या चष्म्याची काडी मोडली. ती बसवून घ्यायला ते तालुक्याला गेले. फक्त काडी. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, “अण्णा, रात्री झोप लागती का?” अण्णा म्हणाले, “कशाची झोप बाबा, लाईट रात्रीचीच यायलीय की.” शेतीची वीज रात्रीची आली की पाणी द्यायला जागावं लागतं, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण पोरानं त्यातलं ‘झोप नाही’ एवढंच ऐकलं. “मग तुम्हाला ब्लू कट लागतंय,” म्हणाला आणि काउंटरखालून निळी बॅटरी काढली.

ही बॅटरी म्हणजे आपल्या काळातला सगळ्यात मोठा पुरावा आहे. एक पांढरं कार्ड असतं. साध्या काचेतून त्यावर उजेड मारला की जांभळा डाग उमटतो. ब्लू कट काचेतून मारला की डाग नाही. बघा, अडवला की नाही! समोरचा माणूस गार. आता जरा नीट ऐका. उजेडाचा रंग नॅनोमीटरमध्ये मोजतात. ती बॅटरी साधारण 405 नॅनोमीटरचा उजेड मारते, म्हणजे निळासुद्धा नव्हे, जांभळा. तुमच्या मोबाईलच्या पडद्यातला निळा प्रकाश सगळ्यात जास्त असतो तो 450 च्या आसपास, आणि 405 चा तिथं जवळपास पत्ताच नसतो. म्हणजे जो उजेड मोबाईलमधून येतच नाही तो अडवून दाखवायचा आणि जो येतो त्याबद्दल गप्प बसायचं. नेहमीच्या ब्लू कट काचा निळ्या प्रकाशातला दहा ते पंचवीस टक्के भाग अडवतात. उरलेला पाऊणशे टक्क्यांच्या वरचा निळा उजेड आरामात डोळ्यात जातो. खरंच सगळा अडवायचा तर काच गडद नारिंगी करावी लागेल, आणि मग कोथिंबीर ताजी की शिळी हेही कळणार नाही. पण कार्डावर डाग पडला नाही ना? मग झालं. काढा सोळाशे रुपये. पावतीवर ‘ब्लू प्रोटेक्शन’ असं लिहून मिळतं, तेवढं फ्रेम करून लावा.

आणि अण्णांचा फोन बटनाचा आहे. हिरवं बटन दाबून घ्यायचा, लाल दाबून ठेवायचा. त्याच्या पडद्यावर बघण्यासारखं काही असेल तर बॅटरीच्या रेघा. या माणसाला स्क्रीनपासून वाचवणारा चष्मा विकला! विकणाऱ्याची जीभ कशी रेटली, हे मला अजून कळत नाही.

असो. सल्ल्याकडे वळू.

चष्मा लावल्यावर पापणी हलवू नका. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो, स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. डोळ्यावरचं पाणी सुकतं, मग चुरचुर, मग लाली, मग डोकेदुखी. त्यात पंख्याचा झोत थेट तोंडावर. पण हे कारण फार साधं आहे, याचा कुणी चष्मा काढलेला नाही, म्हणून ते खरं मानू नका.

दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघावं असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. फुकटच्या औषधाला गुण नसतो.

उन्हात मात्र हा चष्मा घरी ठेवा. मे महिन्यात परभणी-नांदेडला दुपारच्या उन्हात एक लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो, घरातल्या बल्बखाली शे-दोनशे. आकाशातून येणारा निळा प्रकाश तुमच्या मोबाईलच्या कितीतरी पट. पण तो कंपनीचा नसल्यामुळे निर्धोक आहे.

वरातीत डीजेपुढं लेझर सुरू झाला की डोळे मोठे करून थेट त्यात बघा. चष्मा आहे ना.

आता झोपेचं. शास्त्र खरंच आहे, खोटं कशाला बोला. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या चित्र बघत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवतात. त्यांना निळसर उजेड, 480 नॅनोमीटरच्या आसपासचा, सगळ्यात जास्त टोचतो. तो रात्री डोळ्यात गेला की मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ कळवणारं संप्रेरक, उशिरा सुटतं. इथवर बरोबर. 2014 साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. लोकांना झोपण्याआधी चार-चार तास पूर्ण उजेडाच्या टॅबवर पुस्तक वाचायला लावलं, आणि कागदी पुस्तक वाचण्याशी तुलना केली. टॅबवाल्यांना झोप लागायला किती उशीर झाला? जवळपास दहा मिनिटं. चार तास वाचून दहा मिनिटं! मग तुमची रात्रीची उरलेली दोन तासांची झोप कुणी खाल्ली? निळ्या प्रकाशानं? साडेअकराला ‘एकच रील’ म्हणून उघडलं, दीड वाजता मेव्हण्याच्या साडूच्या गृहप्रवेशाचे फोटो मोठे करून बघताय. तो मजकूर काळा-पांढरा केला असता तरी तुम्ही जागेच राहिला असता.

आणि साडेदहाला ऑफिसच्या ग्रुपवर ‘सर्वांनी उद्या सकाळी 8 पर्यंत माहिती भरावी, अत्यंत तातडीचे’ असं पडतं, त्याचा रंग निळा असतो का? त्याला कुठली काच अडवते ते दुकानात विचारून ठेवा.

2023 मध्ये कोक्रेन नावाच्या संस्थेनं याच चष्म्यांवरच्या 17 चाचण्या एकत्र करून तपासल्या, सहा देशांतल्या. थोड्या काळात तरी डोळ्यांच्या ताणात साध्या काचेपेक्षा काही फरक दिसत नाही, आणि झोपेबद्दल ठाम काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यातली एकही चाचणी पाच आठवड्यांपेक्षा जास्त चालली नव्हती, तेव्हा ‘दीर्घकाळ संरक्षण’ असं बोर्डावर कशाच्या जोरावर लिहिलं, हे विचारायचं नाही. ब्रिटनमध्ये तर 2017 ला एका बड्या चष्मेवाल्या कंपनीला अशाच दाव्यांपायी 40 हजार पौंड दंड बसला. आपल्याकडे असा दंड बसल्याचं ऐकलं नाही, म्हणून निवांत राहा.

पोरांसाठी खास सल्ला. लातूरला क्लासला पाठवलंय ना? मग बॅग, डबा, पाण्याची बाटली, आणि शून्य नंबरचा ब्लू कट. नंबर नसलेल्या डोळ्याला चष्मा लावला की अभ्यास आपोआप वाढतो. दिवसभर क्लास, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री टॅबवर दीडपट वेगानं लेक्चर, आणि पहाटे पुन्हा टेस्ट. पोरगं म्हणतं डोळे दुखायलेत, तर बाप अभिमानानं सांगतो, “चष्मा घेऊन दिलाय की भारीतला.” रोज दोनएक तास उघड्यावर, उजेडात खेळू दिलं तर लांबचं धूसर दिसायला लागणं लांबतं, हे डोळ्यांचे डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात. पण उघड्यावर खेळून ‘नीट’ परीक्षेचे मार्क वाढत नाहीत, आणि ग्राउंडचा डेमो दाखवायला बॅटरी नसते. पोराची झोप पाच तासांवर आणली तुम्ही, फी भरली तुम्ही, पहाटेचा गजर लावला तुम्ही, आणि खापर फोडलं निळ्या रंगावर!

पुरे झालं आता उपरोधाचं.

अण्णांना मी नंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. समोरून ट्रॅक्टर आला की लाईट फुटल्यासारखा दिसतो, असं ते वर्षभर सांगत होते, आणि घरातले सगळे ‘वय झालं’ म्हणत होते. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, आणि पिवळं भिंग निळा प्रकाश आपसूकच अडवतं. म्हणजे ज्या माणसाच्या डोळ्यात निळा प्रकाश आधीच कमी पोचतोय, त्याला निळा प्रकाश अडवणारी काच विकली, आणि ज्यामुळं दिसत नव्हतं ते तसंच ठेवून घरी पाठवलं. रात्री मोटार चालू करायला याच डोळ्यानं विहिरीच्या काठावर जातात ते. मोफत तपासणीच्या त्या मशीनवर हे दिसलं नसेल, मान्य. पण मग डॉक्टरला दाखवा एवढं एक वाक्य तोंडातून निघायला काय झालं होतं? त्यात सोळाशे रुपये मिळत नव्हते, एवढंच ना?

आणि तुम्हीही फार साळसूद होऊ नका. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं, हे तुम्हाला माहीत आहे. 1976 पासून अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. तरी घरातल्या म्हाताऱ्याचा डोळा पिकेपर्यंत थांबता, आणि ज्याला नंबरच नाही त्या पोराला चष्मा घालता. शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा असतो, तो कुणी तपासलाय? हात वर करा. नाही ना? मग कार्डावरचा डाग कसला बघताय? डोळे दुखत असतील तर आधी नंबर बरोबर आहे का ते तपासा, पापण्या मिटा, पंखा तोंडावरून हलवा. झोप येत नसेल तर मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. पोराचा नंतर, आधी स्वतःचा. आणि उद्या सकाळी आईला घेऊन दवाखान्यात जा.