मायच्या घरी तिकीट?

जिजाऊंच्या माहेरच्या, सिंदखेड राजाच्या राजवाड्याला तिकीट लावावं का, यावर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हातघाई जुंपली आहे. देऊळगावचे काका म्हणतात, "मायच्या घरी जायले तिकीट लागते काय?" पुण्याचा भाचा म्हणतो, फुकटच्या गोष्टीला कोणी किंमत देत नाही. मी राहतो इंग्लंडात, राजघराण्याच्या विंडसर किल्ल्याशेजारी, म्हणून दोघांनीही मला पंच नेमलं.

विंडसर किल्ल्याचं तिकीट माणशी तीस पौंडांच्या वर. भारतातून पाहुणे आले की माझ्या पोटात गोळा येतो. पण तिकिटाने तिथे काय केलं तेही सांगायला हवं. २० नोव्हेंबर १९९२ ला दिव्याच्या झोताने प्रार्थनाघरातला पडदा पेटला आणि किल्ल्याचा मोठा भाग जळाला. विमा नव्हता. सरकार म्हणालं, खर्च आम्ही करतो. लोक खवळले, राणीच्या घरासाठी आमचा कर का? मग १९९३ पासून बकिंगहॅम राजवाडा उन्हाळ्यात तिकीट लावून उघडला. दुरुस्तीला साडेतीन कोटी पौंडांहून जास्त लागले, त्यातले बरेचसे या तिकिटांतून आले. १९९७ मध्ये काम पुरं झालं. आज किल्ल्यातल्या सेंट जॉर्ज हॉलमध्ये माहिती द्यायला उभ्या माणसाला विचारा, तो वर बोट करून ओकच्या नव्या तुळया दाखवतो, जुनं छत कसं गेलं ते सांगतो.

आता आपलं. मुंबई-नागपूर रस्त्यालगतच्या त्या थोरल्या दरवाजातून आम्ही आत गेलो, तेव्हा जिजाऊंच्या जन्मखोलीपाशी काकूंनी चपला काढल्या, डोईवर पदर घेतला, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. विंडसरला कोणी बूट काढत नाही. तेव्हा काकांचं खरं आहे. जन्मखोलीला तिकीट नको, आणि १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, तर कशालाच नको.

पण माझ्या लेकीने विचारलं, जिजाऊंच्या बाबांचं पुढे काय झालं? निजामशाहाच्या दरबारात १६२९ साली लखुजीरावांना मुलांसकट दग्याने मारलं, त्यांची समाधी इथेच गावात आहे, हे मी जमेल तसं सांगितलं. हे सांगणाऱ्यासाठी वीस-तीस रुपये घ्या की! वाडा दाखवण्याचे, समाधीपर्यंत नेण्याचे. जमाखर्च दरवाजावरच्या फळ्यावर लिहा.

"अन् सांगनार कोन?" काकांचा प्रश्न. इतिहासात एमए झालेली पोरं आपल्याच गल्लीत एमपीएससीच्या निकालाची वाट पाहत बसली आहेत, काका.