छापखान्यातून सभागृहात

स्थानिक वृत्तपत्राचा प्रकाशक नगरसेवक झाला, त्याची वाटचाल सांगणारा एक लेख वाचला. तो मनापासून लिहिला आहे. पण एक महत्त्वाची बाजू राहिली: जाहिरातींची.

छोटं वर्तमानपत्र विक्रीवर चालत नाही. निविदा, जाहीर नोटिसा, पुढाऱ्यांचे वाढदिवस यांवर चालतं. आणि १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम १० नुसार पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहू शकत नाही, मात्र पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रातला हिस्सा यातून वगळलेला आहे. म्हणजे कायद्याने अडचण नाही. पण स्थायी समितीच्या १६ जणांत बसून खर्चाला मंजुरी द्यायची आणि त्याच पालिकेवर अग्रलेख लिहायचा, हे मला पटत नाही.

तरीही स्थानिक वर्तमानपत्रं चालवणाऱ्या या माणसांबद्दल मला आदर आहे. नाशिकची महापालिका १९८२ ची, पहिली निवडणूक १९९२ मध्ये. मधली १० वर्षं प्रशासक होते. तेव्हा पंचवटीतल्या नळाला पाणी का नाही, हे विचारायला नगरसेवकच नव्हता. ते विचारायला स्थानिक वर्तमानपत्रं होती. त्या काळातले अंक कोणाकडे असतील तर सार्वजनिक वाचनालयाकडे द्यावेत, ही कळकळीची विनंती.