मुऱ्हा बारा लिटर, आमची सहा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या पाच पंढरपुरी म्हशींवरच्या मागच्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही स्वतः हातकणंगले भागात वीस मुऱ्हा (हरियाणाकडची जास्त दुधाची म्हशींची जात) सांभाळता, त्यामुळे ती मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुऱ्हा बारा लिटर देते तिथं पंढरपुरी सहा देते, जुनी जात जपणं हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, पंढरपुरीच ठेवायची तर निदान मुऱ्ह्याचं रेतन करून सुधारावी, आणि घरच्यांची मेहनत मी हिशेबात धरलेलीच नाही. माझं वाचून एखादा पोरगा नोकरी सोडून फसेल, असंही तुम्ही लिहिलंत.

लिटरचं मान्य आहे. माझ्या पाचांतली एकही ताज्या वेतात सात लिटरच्या वर गेलेली नाही. फॅट चांगली लागते, पण तुमच्या मुऱ्ह्यांचीही कमी नसणार, म्हणून तो मुद्दा मी पुढं करत नाही. मात्र बारा लिटरची म्हैस खातेही बारा लिटरचं. तुमच्याकडं मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) आहे, पेंड घाऊक येते, कामाला माणसं आहेत. माझं रान अडीच एकर. दोन एकर ऊस, वीस गुंठे हत्तीगवत. तोडणी सुरू झाली की चार-पाच महिने उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, निघतात. नुसत्या वाड्यावर जनावर खंगतं, कारण त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रोज चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण द्यावं लागतं. एवढ्या खुराकावर माझ्या म्हशी चौदा-पंधरा महिन्यांनी पुन्हा वितात. विकत वैरण आणून, कर्जावर हरियाणाची म्हैस बांधण्याची माझी ऐपत नाही. तुमचा गोठा तुमच्या ऐपतीचा आहे, माझा माझ्या.

छंदाचं मात्र मला पटलं नाही. त्याला कारण ऑगस्ट २०१९.

आमचं गाव पंचगंगेच्या काठावर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. रात्री दावी सोडली आणि म्हशी माळावरच्या शाळेच्या मैदानात नेल्या. वर पाऊस, खाली चिखल, ओळखीचा गोठा नाही, आंबोण नाही, चारी बाजूंनी माणसांचा कालवा. दोन रेडकं त्या धांदलीत मागं राहिली, ती तिसऱ्या दिवशी सापडली. पहाटे आईनं कासेला हात लावला आणि म्हशीनं पान्हा सोडला. रेडकू समोर नसताना, उघड्यावर. शेजारच्या घरची एक मुऱ्हा दोन दिवस पान्हा चोरून उभी होती. कास दगडासारखी झाली, पुढं दगडी (कासेची सूज) होऊन दोन सड गेले. तिच्या मालकानं काही कमी केलं नव्हतं. जातिवंत जनावर होतं, पण त्याला आपला गोठा आणि आपलं रेडकू लागत होतं.

पंढरपुरीला हा गुण कुठून आला, ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही गवळी म्हैस उभी करतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढतात. तालमीच्या या शहरात पैलवानांना धारोष्ण दूध लागायचं, आणि म्हशी दारोदार नेऊन धार काढली जायची. रहदारीत, परक्या दारात जी पान्हा सोडत नाही ती म्हैस गवळ्याच्या कामाची नव्हती. जी सोडते तिचीच पारडी त्यानं ठेवली. अशा कित्येक पिढ्यांची निवड आहे ही. पुराच्या त्या दिवसांत महामार्ग बंद, दूध संकलन बंद, तरी मैदानातल्या लेकराबाळांना आमच्या दावणीचं दूध उकळून मिळालं. याला मी छंद कसा म्हणू?

म्हणून मुऱ्ह्याच्या रेतनाचा तुमचा सल्ला मी घेणार नाही. आमच्या गल्लीत दोन घरांनी तो घेतला. दुसऱ्या पिढीत खांद्याच्या मागं जाणारी ती तलवारीसारखी शिंगं गेली, दूध लिटर-दीड लिटरनं वाढलं, आणि आता धारेला रेडकू लावल्याशिवाय भागत नाही. दोन घरांवरून मी सगळ्यांना नियम सांगणार नाही. पण एकदा मिसळलेलं रक्त पुन्हा निवडून काढता येत नाही, आणि आमच्या भागात चांगला पंढरपुरी टोणगा शोधायला आत्ताच चार-चार गावं फिरावी लागतात. म्हशीचा माज मुका, सहज दिसून येत नाही. रात्री ओळखायचा आणि पहाटे टोणग्यापर्यंत न्यायची. हे कष्ट मी आनंदानं करतो. (शिंगांमुळं दोन म्हशींमध्ये अंतरही जास्त सोडावं लागतं, माझ्या गोठ्यात सात मावल्या असत्या तिथं पाचच आहेत. तोही खर्चच आहे.)

आता मेहनतीचं. इथं तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर आठवडाभर वहीत तास लिहिले. पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात, आई आणि बायको दोघी. शेण, वैरण, धार, भांडी, रेडकं. माझे तास वेगळे, आणि त्यांच्यापेक्षा कमी. म्हणजे दोघींचे मिळून रोजचे अकरा तास मी फुकट धरले होते. गावातल्या रोजगाराच्या दरानं ते लावले तर मी 'शिल्लक' म्हणून छापलेली रक्कम जवळजवळ संपते. तो आकडा मी आज लेखातून काढला आणि त्या जागी तासांसकट हिशेब टाकला. नोकरी सोडून यात पडू नका, हेही वर स्पष्ट लिहिलं. रान, घरची वैरण आणि राबणारी माणसं आधीपासून असतील तरच हा गोठा चालतो.

दूध संस्थेतलं खातं वडिलांच्या मागं माझ्या नावावर आलं होतं. ते बायकोच्या नावावर करायचा अर्ज दिलाय, म्हणजे दर दहा दिवसांचं बिल तिच्या हातात येईल. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, खात्याचं होईल तेव्हा होईल, आधी दावणीपाशी नळ आणा. आडावरून रोज बावीस बादल्या पाणी ती आणते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. पाइप आणलाय, रविवारी जोडतोय.